दिवाळीचा चुना

मित्रांनो, कलकत्त्यातल्या बेहाल्याच्या मलेरिया ऑफिसच्या गोदामात, फुटक्या बादल्यांच्या मागे जो पितळी फवारणी पंप पडला आहे, तो मीच. अंगावर हिरवा कळंक चढला आहे, नळी उंदरांनी कुरतडली आहे. तरी माझ्या मानेवर बोट फिरवून पाहा, पेटंटचा नंबर अजून हाताला लागेल. एके काळी मला त्या नंबराचा भारी तोरा होता.

माझा जन्म विलायतेतला. माझ्या तोटीतून औषध पंख्यासारखे पसरते आणि भिंतभर सारखे बसते. ही युक्ती कुणी उचलू नये म्हणून कारखानदाराने तिचे पेटंट घेतले होते. १९५३ साली मी खिदिरपूरच्या गोदीत उतरलो आणि तिथून दत्तात्रय वझे या इन्स्पेक्टरांच्या हाती आलो. ते कलकत्त्यातच जन्मलेले. शेजारीपाजारी त्यांना दत्तबाबू म्हणत, आणि ते बंगालीच आहेत असे निम्म्या बेहाल्याला वाटे.

माझे काम सोपे होते. डास माणसाला चावला की जड होऊन भिंतीवर टेकतो. तिथे डीडीटी वाळून बसलेली असली की तो मेलाच. एकाने मला बादलीत धरून दांडा मारायचा, दुसऱ्याने तोटी फिरवायची. मग दत्तबाबू दारावर गेरूने तारीख घालत आणि घरच्या बाईला हात जोडून सांगत, "मासीमा, छ मास चुनकाम कोरबेन ना." म्हणजे, सहा महिने भिंतीला चुना लावू नका. चुन्याखाली औषध गाडले गेले की ते असून नसून सारखेच. हजारभर दारांत तरी मी हे वाक्य ऐकले असेल.

गोदाम गळके म्हणून पावसाळ्यात मी त्यांच्याच व्हरांड्यात राहत असे. घर दोन खोल्यांचे, मागे पुकुर, म्हणजे तळे. घरात बायको मंदाकिनी आणि सात वर्षांची लीना. चौपन्नच्या श्रावणात त्या दोन खोल्या आम्हीच फवारल्या. दारावरची तारीख लीनाने आपल्या हाताने घातली. आकडा जरा वाकडा आला, पण दत्तबाबूंनी तो तसाच ठेवला.

मग दिवाळी आली. मंदाकिनीचा भाऊ जयंत आठ वर्षांत पहिल्यांदाच भाऊबीजेला नागपूरहून येणार होता.

"अहो, या भिंती बघा," मंदाकिनी म्हणाली. "सगळे ओघळ. दादा घरी जाऊन काय सांगेल?"

"अजून तीन-साडेतीन महिने हात लावायचा नाही. मी लोकांना काय सांगत फिरतो, ठाऊक आहे ना तुला?"

"लोकांकडे आठ वर्षांनी भाऊ येत नाही. आणि आता थंडी पडेल, डास राहतात कुठे?"

दत्तबाबूंनी भिंतीवरच्या ओघळांकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं. पण पुढचीच खोली."

पुढची खोली झाली. चुना उरला, म्हणून मागचीही झाली. त्याच सपाट्यात दारावरची लीनाची तारीखही पुसून निघाली. मी कोपऱ्यातून सगळे पाहत होतो. विलायतेचे पेटंट माझ्या मानेवर, आणि काथ्याच्या एका कुंचल्याने मला दोन तासांत हरवले. मला ओरडता आले नाही, याचे दुःख अजून जात नाही.

जयंताने भिंतींची तोंडभरून स्तुती केली, करंज्या खाल्ल्या आणि तो गेला.

कार्तिक सरता सरता लीना थंडीने कुडकुडू लागली. तिसऱ्या दिवशी ती आईला ओळखेना. मलेरियाचा ताप मेंदूत चढला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. तिला इस्पितळात ठेवले. दुपारी आत थांबू देत नसत, म्हणून दोघे घरी आली आणि दत्तबाबूंनी थेट मला उचलले.

"ती परत यायच्या आत खोली फवारून ठेवू," ते म्हणाले.

त्यांनी दांडा मारला. मंदाकिनीने तोटी धरली. पण दुर्गापूजेच्या सुट्टीपासून मला कुणी तेल घातले नव्हते. माझ्या दट्ट्याचे चामडे वाळून कडकडीत झाले होते. तोटीतून थेंब येईना, सगळे सांध्यातून गळू लागले. मंदाकिनीने पदर फाडून माझा सांधा आवळला आणि वर दोन्ही हातांनी दाबून धरला. औषध तिच्या कोपरापर्यंत ओघळत होते. दत्तबाबू एका हाताने दांडा मारत होते, दुसऱ्या हाताने तोटी फिरवत होते. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. संध्याकाळपर्यंत भिंत कशीबशी भिजली. दत्तबाबूंनी दारावर तारीख घातली.

लीना परत आली नाही.

पुढे दत्तबाबू कामावर जात, पण दारात उभे राहिले की चुना लावू नका हे एक वाक्य काही त्यांच्याकडून बोलले जात नसे. तेव्हा ते सांगायला मंदाकिनीच आमच्याबरोबर येऊ लागली. खात्यात तिचे नाव नव्हते, पण कुणी तिला अडवले नाही. पुढे नवे पंप आले आणि मी इथे येऊन पडलो.

मित्रांनो, यंत्राला वेळच्या वेळी तेल घाला. आणि यंत्राने केलेले काम आपल्या हातांनी पुसू नका. पुसण्याचे पेटंट कुणाकडेच नसते, ते कुणालाही जमते.

एकदा पूजेच्या तोंडावर एका म्हातारीने मंदाकिनीला विचारले होते, "सणाला चुना नाही, मग भिंती घाणेरड्याच ठेवायच्या का, बाई?"

मंदाकिनी मोडक्या बंगालीत म्हणाली, "ठेवा, मासीमा. माझ्या फार सुंदर झाल्या होत्या."