भिंगाला न दिसलेला वायू

मी एक जुने भिंग आहे. गेली तीस वर्षे वनस्पतिशास्त्राच्या एका सरांच्या गळ्यात लटकते आहे. मित्रांनो, माझी गोष्ट एका पत्रापासून सुरू होते. सरांनी ते माझ्यातून दोनदा वाचले आणि खणात टाकले. उत्तर काही दिले नाही.

पत्र मावशींचे होते. प्रयोगशाळेतल्या रोपांना त्या पाणी घालत. अंधाऱ्या कपाटातली वाटाण्याची रोपे बुटकी, जाडी आणि शेंड्याशी वाकडी निघू लागली, तेव्हा मावशी पाण्यात काहीतरी मिसळतात असा सरांना संशय आला. त्यांनी मावशींना काढून टाकले. मावशींनी लिहिले होते, 'सर, पाण्यात मी काही घातलं नाही. पटलं तर तेवढं कळवा. सगळे माझ्याकडे चोरासारखं बघतात.'

मावशी गेल्या, तरी रोपे वाकडीच. मग बियांवर संशय, मातीवर संशय, शेजारच्या प्रयोगशाळेवर तर फारच. त्या हातात राहून माझाही स्वभाव बिघडला. मावशींच्या नखांतली मातीसुद्धा मला खटकली होती, हे कबूल करते.

शेवटी कपाटामागून जाणाऱ्या वायरींवर संशय गेला आणि सरांनी वायरमनला बोलावले. दार उघडून त्याने नाक फेंदारले.

"साहेब, रोपं वाढवताय का फळं पिकवताय?"

"म्हणजे?"

"खालच्या फळीवर सफरचंदांची पिशवी आहे. कुणाची?"

"माझी. दुपारच्या खाण्याची. तिथं गार राहतात."

"घरी आमची बायको कच्ची केळी सफरचंदांशेजारीच ठेवते. दोन दिवसांत पिवळी."

सर स्टुलावर बसले. पिकलेल्या फळातून एथिलीन नावाचा वायू निघतो, हे तर ते दरवर्षी शिकवत. हा वायू म्हणजे संप्रेरक, झाडाच्या पेशींना जाणारा निरोप. निरोप पोचला की पेशीतली काही जनुके कामाला लागतात, काही गप्प बसतात, आणि अंधारातले कोवळे रोप उंच व्हायचे सोडून जाड होते, वाकते. वायू दिसत नाही. मला तर नाहीच नाही.

पिशवी कपाटातून हलवली. पुढची रोपे सरळ आली. त्या सरळपणावरही सरांनी आठवडाभर संशय घेतला.

मित्रांनो, भिंगे मऊ कापडाने पुसत जा. आणि दुसऱ्यावर रोखण्याआधी एकदा आपल्या फळीकडे वळवा.

सरांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिले, 'मावशी, पाण्यात काही नव्हतं. चूक माझी. हे मी सगळ्यांना सांगितलं आहे. कामावर परत याल का?' मग पेन खाली ठेवून ते उठले आणि शेजारच्या प्रयोगशाळेत जाऊन खरोखरच सांगून आले.

टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धे गेले आणि परत बाहेर आले. सरांनी माझ्यातून पत्ता तपासला. मग पाकीट सोडून दिले.