अंधाराची जाहिरात

लुएला कोवारिक एकोणसत्तर वर्षांची होती आणि तिला दक्षिण मुकुटाचा फोटो पुरा करायचा होता. बाकी आयुष्याकडून तिचं काही मागणं नव्हतं. चाळीस वर्षं बेल क्रीकच्या शाळेची बस चालवून झाली होती, लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती, गुडघे अजून कुरकुरत नव्हते. राहिला होता तो हा एक फोटो.

आता दक्षिण मुकुट म्हणजे काही सहज हाती लागणारी चीज नव्हे. नेब्रास्कातून तो तारकासमूह जेमतेम वीतभर वर येतो, तोही जुलैत, मध्यरात्रीच्या आगेमागे दोन तास. त्यातला धुळीचा ढग इतका मंद, की कॅमेरा पाच-पाच मिनिटं उघडा ठेवून शेकडो फोटो काढायचे, ते एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे महाराज तोंड दाखवतात. चंद्र नको, ढग नको, धुकं नको. अशा रात्री वर्षाला चार मिळाल्या तरी डोक्यावरून पाणी. सहा वर्षांत लुएलाने बावीस तासांचे फोटो जमवले होते. अजून चार तास मिळाले की काम फत्ते. पुढल्या जुलैत आपण असू की नसू, कुणी सांगावं?

तिच्यासारखे येडे तालुक्यात आणखी आठ होते, आणि त्यांचं एक मंडळ होतं. मंडळाची पहिली टेकडी मांसाच्या कारखान्याच्या दिव्यांनी खाल्ली. दुसरी खाल्ली चर्चच्या पार्किंगने. तिसरी टेकडी लुएलाच्या भावाच्या कुरणातली. एमेट कोवारिक तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, दोनशे गुरांचा धनी. त्याने टेकडी दिली, पण टोमणाही दिला.

"रात्र जागायची ती गाय अडली की. तू कशासाठी जागतेस गं, लू? तुझे तारे काय विणार आहेत?"

हा टोमणा तीस वर्षं जुना होता, आणि तो दर ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर हॅमच्या आधी यायचा. लुएला हसण्यावारी न्यायची. पण मनातून तिला तो दरवेळी लागायचा, हे खरं.

टेकडीवर कायदा कडक. पांढरा उजेड म्हणजे महापाप. गाडी तोंड रस्त्याकडे करूनच लावायची, म्हणजे निघताना गाडी मागे घ्यायला नको नि मागचे पांढरे दिवे पेटायला नकोत. गाडीतला बल्ब काढून घरी ठेवायचा. हातातली बॅटरी लाल कागदाने मढवायची. मंडळाचा चिटणीस हार्लन प्रुइट, दातांचा निवृत्त डॉक्टर, पहाऱ्यालाच बसलेला असे. उजेड दिसला की तो "दिवाऽऽ!" म्हणून असा बोंबलायचा, की गुरं उठून उभी राहत. एकदा तर तो काजव्यावर ओरडला होता.

त्या जुलैतल्या अवसेला मंडळी टेकडीवर जमली, दुर्बिणी उभ्या केल्या, अंधार पडायची वाट बघू लागली. अंधार काही पडेना. दक्षिणेला, बरोब्बर दक्षिण मुकुट उगवतो त्याच जागी, पांढरा भक्क उजेड आकाशात चढला होता.

"दिवाऽऽ!" हार्लन ओरडला. मग जरा थांबून म्हणाला, "अरे, हा आपल्यातला नाही. ही अवदसा आहे तरी कुणाची?"

अवदसा कुणाची ते सगळ्यांना पाचच मिनिटांत उमगलं. खाली हायवेला ट्रूडी वॉलक्विस्टने वसंतात सहा लाकडी खोल्या बांधल्या होत्या. नाव दिलं होतं 'ट्रूडीज डार्क स्काय केबिन्स'. काळोख बघायला शहरातून माणसं येत होती. ती का येत होती, हे मात्र कुणी बोललं नाही; बोलणार कसं? दोन वर्षांमागे तालुक्याच्या पेपरात लुएलाचा फोटो आणि मुलाखत छापून आली होती, आणि तिने फुशारकीने सांगितलं होतं, "अख्ख्या राज्यात आमच्या टेकडीसारखा काळोख नाही. स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

"तू जा," हार्लन तिला म्हणाला. "ट्रूडी तुझ्याच बसमध्ये वाढली. तुझं ऐकेल."

"ऐकेल नाही, ऐकावंच लागेल," लुएला म्हणाली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हायवेला उतरली, ते तोंडात शिव्या तयार ठेवूनच. वळणावर नवी कोरी पाटी होती, कोठाराच्या भिंतीएवढी. खाली जमिनीत चार मोठाले दिवे तोंड वर करून बसवलेले. पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे या! खरा अंधार अनुभवा!'

ती फस्सकन हसणार होती. पण अक्षरांच्या मागचं चित्र तिने पाहिलं आणि हसू घशातच राहिलं. हंस तारकासमूहातला पेलिकन नेब्युला, त्या लांबचोच्या पाणपक्ष्यासारखा दिसणारा तेजोमेघ. तिचाच फोटो! अकरा रात्री घालवून काढलेला. छापणाऱ्या शहाण्याने तो उलटा लावला होता, त्यामुळे पेलिकन बिचारा डोक्यावर उभा होता. आणि कोपऱ्यात तिचं नाव, 'छायाचित्र: लुएला कोवारिक'. जन्मात तिचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत कुणी लिहिलं नव्हतं. शाळेच्या बसवरही नाही.

ट्रूडी धावत बाहेर आली. चाळिशीची बाई, पण लुएला दिसली की अजून पाठ ताठ करायची.

"मिस लुएला! आवडली ना? तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, एमेटनी शपथ घातली होती."

"एमेटने?"

"फोटो त्यांनीच आणून दिला. म्हणाले, लावायचा तर माझ्या बहिणीचाच लाव, नाहीतर माझ्या कुरणातून पाण्याची लाइन मिळणार नाही." ट्रूडी खुदकन हसली. "दिवेही त्यांनीच बसवले. मी दोन म्हटलं होतं. ते म्हणाले, चार. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात इथे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात नि सांगतात, ही माझी धाकटी बहीण."

लुएलाच्या तोंडातल्या शिव्या कुठे गेल्या कोण जाणे. ती नुसतीच "बरं बरं" म्हणाली आणि गाडीत बसली.

गावातल्या कॅफेत शिरली तर एमेट चिलीचं वाडगं आणि गोड सिनॅमन रोल पुढ्यात घेऊन, तिघा गुराख्यांना त्या पाटीचा फोटो दाखवून शिकवत होता.

"नीट बघा तर वासरू दिसतं. हे कान, हे नाक. प्रकाशाला तिथून यायला दोन हजार वर्षं लागतात, कळलं? आमच्या लूने पकडलं त्याला. रात्र रात्र जागून!"

तो पेलिकन आहे आणि उलटा टांगलाय, हे लुएलाच्या अगदी ओठावर आलं होतं. एमेटने तिला पाहिलं आणि गप्पकन मान खाली घालून रोल खाऊ लागला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, कानापर्यंत लाल झाला. लुएलाने कॉफी घेतली नि निघून आली. गाडीत बसून ती चक्क रडली.

आता आली का पंचाईत! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हार्लनचा फोन आला, तर तिने थाप मारली. "ट्रूडी भेटली नाही." दुसऱ्या रात्री पुन्हा तोच उजेड, पुन्हा तीच थाप. तिसऱ्या दिवशी हार्लन म्हणाला, "लुएला, ती बाई तुझ्या घरापासून दोन मैलांवर राहते. चंद्रावर नाही." आणि चंद्र म्हणाल तर तोही निघालाच होता, अजून दोन रात्री, की मग वर्षभर बसा बोंबलत. तीस वर्षं ज्या कौतुकाची वाट बघितली ते आलं, आणि आलं ते नेमकं दक्षिण मुकुटाच्या छाताडावर. पण सोन्याची सुरी झाली म्हणून काय पोटात खुपसून घ्यायची?

चौथ्या दिवशी ती ट्रूडीकडे गेली.

"पाटीचे दिवे रात्री दहाला बंद कर. आजपासून."

"पण मिस लुएला, तुमचंच नाव..."

"ट्रूडी, अंधार विकतेस ना? मग गिऱ्हाइकाला दे की थोडा."

ट्रूडीला पटलं. तिची गिऱ्हाइकंही कुरकुरतच होती म्हणे. फक्त तिने विचारलं, "एमेटना कोण सांगणार?"

"त्याला मी बघते," लुएला म्हणाली. आणि बघितलं मात्र नाही. धीरच झाला नाही बाईला.

त्या रात्री दहाला दक्षिण विझली. हार्लनने टोपी काढली. आकाशगंगा थेट कुरणापर्यंत उतरली, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला दक्षिण मुकुट वर आला. लुएलाचा कॅमेरा कामाला लागला. पाच मिनिटं, पाच मिनिटं, पाच मिनिटं. दहा फोटो झाले, एकही खराब नाही. तिला वाटलं, यंदा होतंय!

अकरावा फोटो चालू होता आणि हायवेवर दोन पांढरे डोळे उघडले. हलेनात, विझेनात.

"दिवाऽऽ!" हार्लन बोंबलला. गुरं उठली.

लुएलाने लाल बॅटरी घेतली आणि टेकडी उतरली. कोण आहे ते तिला अर्ध्या वाटेतच कळलं होतं. त्या पिकअपच्या इंजिनाचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. एमेटने गाडी पाटीसमोर उभी केली होती, हेडलाइट पाटीवर रोखले होते, आणि आत थर्मास घेऊन तो रखवालीला बसला होता.

"एमेट! काय चालवलंयस हे?"

"दिवे गेलेत पाटीचे." तो तापलेला होता. "रात्री उठलो, खिडकीतून बघतो तर सगळं काळं! ट्रूडी फोन उचलेना. कुणीतरी मुद्दाम केलंय, लू. जळतात लोक. पण मी इथे बसलोय तोवर तुझं नाव काळोखात जाऊ देणार नाही."

"मीच बंद करायला लावले."

एमेटने पाटीकडे बोट केलं. "तुझाच फोटो आहे तो."

"हो. आणि दुसरा वर टेकडीवर काढतेय. त्याला काळोख लागतो, एमेट. माझ्या सगळ्याच फोटोंना लागला होता. हाही तसाच काढला होता."

त्याने वर टेकडीकडे बघितलं. मग चावीकडे हात नेला, आणि मध्येच थांबवला. पाटीवर डोक्यावर उभा पेलिकन लखलखत होता, आणि कोपऱ्यात तिचं नाव.

"मला काय कळतं गं त्यातलं," तो पुटपुटला. "मला एवढंच कळतं, की तीस वर्षं मी तुला वेड्यात काढलं. आता वाटलं, जरा लोकांना सांगावं."

लुएला दुसरं दार उघडून त्याच्या शेजारी बसली. वर टेकडीवर हार्लन घसा फोडत होता.

"मी आल्यापासून किती बिघडवलं तुझं?" एमेटने विचारलं.

"तीन फोटो गेले."

त्याने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिच्या हातात दिली.

"आणखी एक घालवू?"

लुएलाने पाटीकडे बघितलं.

"घालव," ती म्हणाली.