सगळ्यांत स्वस्त योजना

इथे अमेरिकेत, नोव्हेंबरात आमच्या शाळेत पुढच्या वर्षासाठी आरोग्य विम्याची योजना निवडावी लागते. एकदा निवडली की वर्षभर बदलता येत नाही, आणि त्या योजनेच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे जावं लागतं. मी पडलो गणिताचा मास्तर! चार योजनांची आकडेमोड करून सगळ्यांत स्वस्त शोधली आणि स्टाफरूममध्ये अशी काही मिरवली, की जणू विमा मीच शोधून काढलाय.

बायको, कॉलीन, म्हणाली, "रसेल, आपले डॉक्टर त्यात आहेत का ते बघितलंस?"

"डॉक्टर काय गं, सगळीकडेच असतात!"

तिने मुकाट्याने स्वतःच्या नोकरीतली योजना घेतली. माझ्यावर विसंबले ते दोघे सहकारी: खेळाचा शिक्षक ड्वेन आणि ग्रंथपाल इंगाबाई.

जानेवारीत ड्वेन बर्फावरून घसरला आणि गुडघा सुजला. तेव्हा कळलं की सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या गावातला एकही दवाखाना त्या योजनेत नाही. यादीतला सगळ्यांत जवळचा डॉक्टर थेट डुलुथ शहरात, गाडीने दोन तासांवर.

गाडी अर्थातच मी काढली. मागच्या सीटवर ड्वेन पाय पसरून कण्हत होता. पुढे इंगाबाई डोळे तपासून घ्यायला निघाल्या होत्या.

"मास्तर, हिशेबात पेट्रोल धरलं होतंत का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि माझी बडबड?"

ड्वेन कण्हता कण्हता हसला. मलाही हसू आवरेना.

वर्षभर मी त्या दोघांना असाच नेत राहिलो. पुढच्या नोव्हेंबरात मला कुणीच सल्ला विचारला नाही. मी मात्र इंगाबाईंना विचारला, आणि त्यांनी सांगितलेली योजना निमूट घेतली.