सतरा नंबरचे ड्रायव्हर

रखवालदाराने बाबांच्या कपाळासमोर ताप मोजायचं पिस्तूल धरलं, आकडा वाचला आणि म्हणाला, "चौतीस."

"चौतीसच?" बाबा म्हणाले. "म्हणजे मी गार पडत चाललोय की काय?"

रखवालदार खो खो हसला. मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकाही हसल्या असाव्यात, कारण मास्कच्या वरचे त्यांचे डोळे बारीक झाले. चौदा महिन्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत कुणीतरी विनोद केला होता आणि चारचौघं हसली होती. माझी नऊ वर्षांची ठकी तर आजोबांचा हात धरून जागच्या जागी उड्या मारत होती.

पार्कच्या या फाटकापर्यंत बाबा एकतीस वर्षं आले होते. सतरा नंबरच्या बसचा शेवटचा थांबा इथेच. बस वळवून आठ मिनिटं उभी करायची, तेवढ्यात चहा प्यायचा, सगळ्या चाकांना एकेक लाथ मारून हवा बघायची आणि परत निघायचं. भिंतीवरून मोठा पाळणा अर्धा दिसायचा, तेवढाच त्यांनी पाहिलेला. आई होती तेव्हा म्हणायची, "जगाला नेऊन सोडता, आमचा नंबर कधी?" बाबा म्हणायचे, "पुढच्या रविवारी." पण सुट्टीच्या दिवशी त्यांना त्या रस्त्याचं तोंडही बघवायचं नाही. मग आई गेली, बाबा निवृत्त झाले, आणि पाठोपाठ साथ आली.

घरात आम्ही तिघं. नवरा बोटीवर इंजिन सांभाळतो. बंदरं बंद म्हणून आठ महिने तिकडेच अडकलेला. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दुकान उघडल्यापासून मी दिवसभर बाहेर, आणि घरी ठकी, बाबा आणि फोनवरची शाळा. एकदा बाबा मला हळूच म्हणाले, "पोरगी आताशा भांड्यांशी बोलते. चमच्यांची शाळा भरवते. मधल्या सुट्टीत त्यांची भांडणं लावते." म्हणाले हसत, पण चेहरा हसरा नव्हता.

म्हणून पार्क निम्म्या गर्दीवर उघडणार असं कळल्याबरोबर मी तीन तिकिटं काढली. ठकीने फ्रिजवर कागद चिकटवला, त्यावर दहा चौकोन आखले आणि रोज एक खोडू लागली. शेवटचे दोन चौकोन तर तिने एकाच दिवशी खोडले आणि वर आजोबांशी भांडली, की उद्याच जायचंय.

आत पाण्याच्या घसरगुंड्या बंद होत्या. आगगाडीत एक सोडून एक बाकावर पिवळी पट्टी लावलेली. ठकीला त्याचं काही नव्हतं. ती इतकी ओरडली की दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. बाबा मात्र सावलीत बसून होते. "तुम्ही फिरा, मी पिशव्या सांभाळतो," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, आईसाठी तरी एकदा पाळण्यात बसा." तेव्हा उठले.

पाळण्यावरचा माणूस चाळिशीचा असेल. त्याने बाबांकडे बघितलं, मान तिरकी केली, परत बघितलं.

"काका, तुम्ही सतरा नंबरचे ना?"

"होतो."

"मी रोज सकाळी सहाच्या गाडीला असायचो! एकदा मी पळत येत होतो, तर तुम्ही गाडी थांबवून धरलीत. नोकरीचा पहिला दिवस होता माझा."

बाबांना तो काही आठवला नाही, पण त्यांनी "हो हो" म्हणून मान डोलावली. एका पाळण्यात दोघंच, आणि वयस्कर माणसाला एकटं बसू देत नाहीत, असा तिथला नियम. त्याने कळ दुसऱ्याकडे सोपवली आणि स्वतःच बाबांशेजारी बसला. ठकी आणि मी त्यांच्या मागे काही पाळणे सोडून. आम्ही अर्ध्यावर असताना ते वर पोचले होते. मान वर करून पाहिलं तर दोघांचेही मास्क हनुवटीखाली, आणि बाबा हात लांब करून त्याला काहीतरी दाखवतायत. सतरा नंबरचा रस्ता असणार, दुसरं काय. मी बाबांना इतकं हसताना आई गेल्यावर पाहिलं नव्हतं.

येताना ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. कपाळ गरम लागलं. ऊन लागलं असेल, असं मी मनाशी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बाबा खोकू लागले. चौथ्या दिवशी दुकानात काचा धुताना मला साबणाचा वास येईना. मी बाटली नाकाशी नेली, मग बोटावर घेऊन नाकाला लावला, तरी नाही. तशीच घरी आले. तपासणीत तिघंही सापडलो. ठकीला एक संध्याकाळ ताप आला आणि दुसऱ्या दिवशी ती भूक भूक करत उठली. बाबांना आठवडाभर अशक्तपणा. त्या दोघांचं तेवढ्यावर निभावलं. मला मात्र सातव्या दिवशी एक सबंध वाक्य बोलता येईना.

दवाखान्याची गाडी बोलावली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गाडीवरच्या दोघांनी मला खुर्चीत बसवून खाली आणलं, मागून बाबा पिशवी घेऊन. गाडीत चढवताना मी म्हटलं, "बाबा, ठकीला..." पुढचं काही येईना.

"कळलं," बाबा म्हणाले. "तू बोलू नकोस. श्वास घे."

दवाखान्यात अकरा दिवस काढले. पालथं झोपायचं, तोंडावर नळीचा मास्क, शेजारच्या खाटेवर कोण आहे हे पडद्याआडच्या खोकल्यावरून ओळखायचं. दुपारी चार वाजता बाबांचा फोन यायचा. सिस्टर फोन माझ्या कानाशी धरायची. बाबा कधी 'कशी आहेस' म्हणाले नाहीत. "आकडा किती?" एवढंच विचारायचे. ऑक्सिजनचा आकडा. सिस्टरच सांगायची, "अठ्ठ्याऐंशी." पलीकडून बाबा तो आकडा पुन्हा म्हणायचे. मग, "बरं. ठकी जेवली." एकदा तो चौऱ्याऐंशीवर गेला, तेव्हा फोन तिकडून आपोआपच बंद झाला. मला वाटलं, लाइन तुटली.

घरी आले त्या दिवशी ठकी माझ्या गळ्यात पडायला धावली आणि दोन हातांवर थांबली. "आता चालतं का?" तिने विचारलं. मी हात पसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपल्यावर बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. आत नाही आले.

"बाळ, एक सांगायचंय. आधी सांगणार होतो, पण तुला दम नव्हता ऐकायला."

"या ना आत."

"नको, इथेच बराय." त्यांनी चौकट धरली. "पार्कात गेलो त्या सकाळी मला ताप होता. आदल्या दिवसापासून घसाही धरला होता. मी पहाटेच गोळी घेतली, निघताना टोपीखाली ओला रुमाल ठेवला. फाटकाशी यायच्या आत काढून खिशात टाकला."

मला आधी कळलंच नाही ते काय बोलतायत. मग ते चौतीस आठवले, आणि त्यावर सगळे हसले होते ते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"खात्री नव्हती. पण शंका होती. शंका आली की गाडी बाजूला घ्यायची असते."

"मग का नाही घेतलीत?"

"तिने दोन चौकोन एकदम खोडले होते," बाबा म्हणाले. मग लगेच मान हलवली. "नाही. तिच्यावर नको ढकलायला. मलाही जायचं होतं. एकतीस वर्षांत माझी गाडी तीनदा धडकली. तिन्ही वेळा मी स्वतः खाली उतरलो आणि माझी चूक म्हणून सांगितलं. या वेळी नाही उतरलो."

"ठकीला काही झालं असतं तर?"

"हो."

"मी मेले असते बाबा!"

"हो," ते म्हणाले. "तो आकडा चौऱ्याऐंशी झाला ना, तेव्हा..." आणि त्यांचा खालचा ओठ थरथरू लागला. पण रडले नाहीत. मला वाटतं, रडलो तर ही आपल्याला माफ करेल, आणि ते बरोबर नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. "तुला बोलायचं ते बोल," म्हणाले आणि थांबून राहिले.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळाने चौकटीपाशी पावलं वाजली, ती स्वयंपाकघराकडे गेली.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. एका घरात अबोला धरणं काही सोपं नाही, त्यातून दुसऱ्याच्या हातचं जेवायचं असताना. बाबा वेळेवर ताट आणून ठेवायचे. गोळ्या वाटीत काढून ठेवायचे. मी ठकीला सांगायची, "आजोबांना म्हणावं, पाणी हवंय." ठकी दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि पाणी आणून द्यायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी जिना उतरायचा आणि चढायचा. पहिल्या दिवशी उतरले खरी, पण चढताना दहाव्या पायरीवर डोळ्यांपुढे काजवे चमकले. कठडा धरून वर पाहिलं, तर पहिल्या वळणावर घडीची खुर्ची मांडलेली, आणि बाबा दोन पायऱ्या वर भिंतीला टेकून उभे. मी बसले. दम परत आल्यावर उठले, तशी त्यांनी खुर्ची घडी करून काखेत मारली आणि माझ्यापुढे जाऊन वरच्या वळणावर मांडली. सहा वळणं, सहा वेळा. ते स्वतः साठी उलटलेले, नुकतेच दुखण्यातून उठलेले. प्रत्येक वेळी खुर्ची मांडून झाली की ते तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचे, म्हणजे मला त्यांच्याकडे बघायला लागू नये.

असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी बाबा दूध आणायला खाली गेले होते आणि त्यांचा फोन टेबलावर वाजला. वाजून थांबला, परत वाजला. मी घेतला.

"सतरा नंबर आहेत का?" पलीकडून आवाज आला.

"मी त्यांची मुलगी बोलतेय. बाबा खाली गेलेत."

"अरे वा, ताई! कशा आहात आता? मी पाळण्यावरचा. काकांनी सांगितलं तुम्हाला घरी सोडलं म्हणून. बरं झालं बाई. मीही मुद्दाम फोन केला, बायकोचा खोकला गेला म्हणून सांगायला. ते रोज विचारतात ना."

"तुम्हालाही झालं होतं?"

"मला, बायकोला, दोघांनाही. आता बरे आहोत. पार्क तर आठव्या दिवशीच बंद झालं परत. काकांनी फाटकावरच्या फोनवर किती दिवस वाजवलं असेल कुणास ठाऊक. शेवटी रखवालदाराने माझा नंबर दिला. पहिलंच वाक्य काय, तर 'मी ताप असताना तुमच्याशेजारी बसलो होतो.' मी म्हटलं, काका, मास्क आधी मी काढला. कुणी कुणाला दिलं, कसं कळणार? तर म्हणाले, 'ते तुम्ही नका सांगू. मला ताप होता, हे मला माहीत होतं.'"

मी खुर्ची ओढून बसले.

"ताई, खरं सांगू? मला राग आला होता. बायको तापाने फणफणलेली, आणि हे असं सांगतायत. दोन दिवस मी त्यांचा फोन घेतला नाही. पण मग विचार केला, त्या दिवशी माझ्या पाळण्यात तीनशे माणसं बसली. त्यांतली कितीतरी आजारी पडली असतील. फोन एकाचाच आला. मुलगी अत्यवस्थ आहे, हे त्यांनी मला पाचव्या की सहाव्या फोनला सांगितलं. तोवर फक्त माझ्या बायकोचंच विचारत होते."

जिन्यात बाबांची पावलं वाजली. प्रत्येक वळणावर थांबत होती. मी घाईने म्हटलं, "मी त्यांना सांगते. तुमच्या बायकोला जपा."

बाबा दूध घेऊन आत आले. मी म्हटलं, "पाळण्यावरच्यांचा फोन होता. त्यांच्या बायकोचा खोकला गेला."

मी बोलले म्हणून, की काय बोलले म्हणून, कोण जाणे, ते दुधाची पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "गेला? पूर्ण?"

"पूर्ण म्हणाले."

"बरं," बाबा म्हणाले आणि दूध तापवायला आत गेले. पातेलं काढताना दोन भांडी पडल्याचा आवाज झाला.

राग गेला होता असं मी म्हणणार नाही. तो आजही कधीतरी वर येतो. ठकी साधी शिंकली तरी येतो. माझा श्वास अजून पूर्ण भरत नाही, साबणाचा वास अर्धाच येतो, आणि हे दोन्ही कदाचित असंच राहील असं डॉक्टर म्हणतात. पण त्या दुधाच्या पातेल्यापाशी पाठमोरे उभे असलेले बाबा मला फार लहान दिसले. त्यांच्या मानेमागचे केस वाढले होते. कुणीतरी कापायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जिना उतरलो आणि चढायला लागलो. पहिल्या वळणावर मी बसले. दुसऱ्यावर बसले. तिसऱ्या वळणावर पोचले तेव्हा छाती धपापत होती, पण डोळ्यांपुढे काजवे नव्हते. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभर थांबले, आणि तिला वळसा घालून पुढची पायरी चढले. मग त्याच्या पुढची.

मागे खुर्ची घडी होण्याचा आवाज येईना. चार पायऱ्या वर जाऊन मी वळून पाहिलं.

बाबा त्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, आणि ते मोठमोठे श्वास घेत होते.

मी कठड्याला टेकले आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिले.