दुसऱ्या जिल्ह्यातून फोन

२०२१ च्या मे महिन्यात नांदेडमधल्या एका शाळेच्या चौथीच्या वर्गात सहा टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर एक फोन आणि नावांची एक यादी. कोरोनातून उठलेले, घरात एकटे पडलेले, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं असे लोक त्या यादीत होते. त्यांना फोन करून विचारपूस करायचं काम काही शिक्षकांनी आणि कॉलेजातल्या मंडळींनी अंगावर घेतलं होतं. लातूरच्या मानसोपचाराच्या डॉक्टर अक्षरा यांनी सगळ्यांना फोनवरूनच चार दिवस शिकवलं होतं. नांदेडच्या लोकांनी लातूरला फोन लावायचे आणि लातूरच्या लोकांनी नांदेडला, ही कल्पनाही त्यांचीच. गावातल्या माणसाजवळ रडायला लोक लाजतात, परक्याजवळ बोलतात, असं त्या म्हणायच्या.

महामाया सोनकांबळे लोह्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. एका मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला त्यांनी यादीतलं पुढचं नाव वाचलं. संगमेश्वर बिराजदार, लातूर. भांड्यांचं दुकान. आई दहा दिवसांपूर्वी वारली. नावापुढं दोन दिवसांपूर्वीची तारीख होती आणि एकच शब्द, ‘ठीक’. अक्षर त्यांचंच होतं. पण हा माणूस काय बोलला होता, आवाज कसा होता, काहीच आठवेना. त्या दिवशी चाळीस नावं होती, एवढंच आठवलं.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“नमस्कार मॅडम. बोला.”

“कशी आहे तब्येत?”

“एकदम चांगली. ऑक्सिजन सत्त्याण्णव. ताप न्हाई. तुम्ही लोक लई चांगलं काम करायलात. डबा देणाऱ्या भाऊलाबी माझा निरोप सांगा. आता उद्यापासून डबा नको.”

“का बरं? घरची मंडळी आली का?”

“न्हाई. बायको आन् पोरगी उदगीरलाच हायत, तिच्या माहेरी. त्यांचं चांगलं हाय तिथं. माझं नाव यादीतनं काढून टाका मॅडम. कुणाला तरी दुसऱ्याला फोन करा.”

बोलणं अगदी नीट होतं. सगळं आवरून, दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी तसं. हा जिवाचं काही करणार, असं महामायांना वाटून गेलं. असं वाटलं तर सरळ विचारायचं, डॉक्टरांनी बजावलं होतं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. असलेला बाहेर येतो.

“संगमेश्वरभाऊ, एक विचारते. राग मानू नका. तुमच्या मनात जीव द्यायचा विचार आहे का?”

पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

“हाव,” तो म्हणाला.

“आज?”

“तुमचा फोन आला म्हणून थांबलो.”

महामायांनी डाव्या हातानं कागद ओढला. त्यावर पत्ता लिहिला, खाली ‘आत्ता. माणूस पाठवा’ असं लिहून दोन रेघा मारल्या आणि शेजारच्या टेबलावरच्या विनोदकडे सरकवला. कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या विनोदनं ते वाचलं आणि काही न विचारता फोन घेऊन तो वऱ्हांड्यात गेला.

“फोन उचललात, बरं केलं,” महामाया म्हणाल्या. “हाताशी काही ठेवलंय का?”

“हाय.”

“ते दुसऱ्या खोलीत ठेवा आणि कडी लावून या. मी फोनवर थांबते.”

“कशाला?”

“आपल्याला बोलायचंय म्हणून.”

“बोलून काय हुतंय? तुमच्यापुढं कागद हाय. त्यावर लिहिलेलं विचारणार. झोप लागती का, भूक लागती का. परवाबी विचारलं की तुम्ही. मी म्हनलं ठीक. तुम्ही म्हनलात काळजी घ्या.”

महामायांनी यादी पालथी ठेवली. आपल्याबद्दल बोलू नका, असं शिकवलं होतं. पण खोटं बोललं तर हा फोन ठेवेल, हे त्यांना कळत होतं.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “परवा मी दोन मिनिटांत तुमचा फोन ठेवला आणि नावापुढं ठीक लिहिलं. तुम्ही ठीक नव्हता. मला ऐकू यायला पाहिजे होतं. मी ऐकलंच नाही. चूक माझी आहे भाऊ. आज मी दुसरा फोन लावणार नाही.”

वऱ्हांड्यातून विनोदचा आवाज येत होता. लातूरला घरोघरी डबे पोचवणारा रिक्षावाला रामकिशन निघाला होता, पण चौकात पोलिसांनी अडवलं होतं. डब्याची वेळ टळून गेलेली, पास सकाळचा. “साहेबांना फोन द्या, मी बोलतो,” विनोद ओरडत होता.

“मॅडम, तुम्हाला माहीत हाय का,” संगमेश्वर अचानक बोलायला लागला, “आम्हा लिंगायतांत माणसाला पुरतात. बसवून. हातात इष्टलिंग देऊन. जन्मल्यापासनं जे गळ्यात घातलेलं असतं ना, तेच.”

“मला पुरतं माहीत नाही. सांगा.”

“अव्वानं सत्तर वर्षं त्याची पूजा केली. पूजा झाल्याबिगर तोंडात पाणी घेत नव्हती. दवाखान्यात नेलं तेव्हा माझा हात धरून म्हनली, संगू, काही झालं तर मला नीट बसव. मी म्हनलं, काहीतरीच काय बोलतीस अव्वा.” त्याला दम लागला. “तिसऱ्या दिवशी मलाच ताप भरला. एकशे तीन. पहाटं फोन आला. आई गेली म्हनले, आणि आणखी काय काय विचारलं. मी हो म्हनलं. करा, करा म्हनलं. काय विचारलं तेबी कळलं न्हाई. दोन दिवसांनी कळलं, अव्वाला जाळलं.”

महामायांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. 

“सगळे म्हनतात, तुझी चूक न्हाई. बायको म्हनती, मेव्हणा म्हनतो. मग हो कोण म्हनलं? मीच म्हनलं ना?”

तुझी चूक नाही हे वाक्य त्यांच्याही ओठांवर होतं. त्यांनी ते गिळलं.

“अव्वांचं लिंग कुठं आहे आता?”

त्याचा आवाज खाली आला. “सामानाबरोबर पाठवलं दवाखान्यानं. चष्मा, लुगडं आन् ते. प्लास्टिकच्या पिशवीत. गाठ मारलेली हाय. मी सोडली न्हाई.”

“दहा दिवस पिशवीतच आहे?”

“हात लावायचं धाडस हुईना.”

“भाऊ, मग...”

टूं असा आवाज झाला आणि फोन बंद पडला.

महामायांनी पुन्हा लावला. ‘आपण संपर्क करत असलेला ग्राहक...’ पुन्हा लावला. तेच. त्या उठून उभ्या राहिल्या. वर्गातल्या बाकीच्यांनी फोनवर बोलता बोलता माना वळवल्या.

“बंद आहे,” त्या विनोदला म्हणाल्या. “बॅटरी गेली की त्यानंच बंद केला, कळायला मार्ग नाही.”

“रामकिशन सुटला चौकातून. पाच मिनिटं म्हणतोय.”

पाच मिनिटांची नऊ झाली. महामाया दर मिनिटाला नंबर दाबत होत्या. मध्ये त्यांनी डॉक्टर अक्षरांना लावला. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “मी निघते. दार उघडलं नाही तर पोलिसांना सांगून तोडायला लावा. विचार करत बसू नका.”

विनोदनं फोनचा आवाज मोठा केला. रिक्षा थांबल्याचं ऐकू आलं, मग चपलांचा आवाज, मग दारावर थापा.

“भाऊ! ओ भाऊ! मी रामकिशन. डबेवाला.”

दार ढकलल्याचा आवाज आला.

“आतून कडी हाय,” रामकिशन फोनवर म्हणाला. “आवाज न्हाई यायला.”

“बोलत राहा,” महामाया ओरडल्या. “काहीही बोला, पण थांबू नका.”

रामकिशननं पुन्हा दार वाजवलं. “भाऊ, धा दिस झाले, डबा ठिवून जायलोय. एकदाबी तुमचं तोंड बघितलं न्हाई. कालचा डबा इथंच हाय, मुंग्या लागल्यात. परवाचाबी तसाच. माझी बायको म्हनती, बिराजदारांना माझी भाजी आवडंना झालीय. तिला काय सांगू? ओ भाऊ! दार उघडा. मी घरात येत न्हाई. उंबऱ्यावरच बसतो. तुमच्याकडं बघतो अन् जातो.”

वर्गात सगळ्यांचे फोन थांबले होते. मघाशी वीज गेली होती, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

कडी सरकल्याचा आवाज नांदेडला ऐकू आला.

“मॅडम,” रामकिशन फोनवर म्हणाला, “हायत. उभे हायत.” आणि मग, फोन खाली घेऊन, “बसा भाऊ, बसा. खाली बसा.”

कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं. तो संगमेश्वर होता की रामकिशन, हे महामायांना नीट कळलं नाही.

डॉक्टर अक्षरा वीस मिनिटांनी पोचल्या. संध्याकाळी उदगीरहून मेव्हणा पास काढून बायकोला घेऊन आला. त्या दिवसापासून संगमेश्वरला एकटं ठेवायचं नाही, असं ठरलं. गोळ्या चालू झाल्या. पहिल्या आठवड्यात तो डॉक्टरांवर चिडला, रामकिशनवर चिडला. महामायांनी फोन केला तर बायकोकडे दिला. “बोलत न्हाईत ते,” ती म्हणाली, “पण तुम्ही करत जावा.”

त्याच मंगळवारी चार वाजता डॉक्टरांनी महामायांना फोन केला. तो पेशंटबद्दल असेल असं वाटून त्या माहिती द्यायला लागल्या.

“ते मला कळलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही कशा आहात?”

“मी ठीक...” म्हणता म्हणता महामाया थांबल्या. चाळीस नावांच्या त्या दिवशी आपण आणखी किती जणांपुढं तो शब्द लिहिला असेल, हे त्या बोलून गेल्या. मग पाऊण तास बोलत राहिल्या. रात्री झोपेत यादीतली नावं ऐकू येतात, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून नियम झाला: एका माणसानं दिवसाला बारापेक्षा जास्त फोन करायचे नाहीत आणि फोन करणाऱ्यालाही रोज कुणीतरी फोन करायचा. नावापुढं ‘ठीक’ लिहिलेल्या सगळ्यांना पुन्हा फोन लावले. त्यात आणखी दोघं निघाले, ज्यांना डॉक्टरांची गरज होती.

संगमेश्वरनं सांगूनही पिशवीची गाठ रामकिशननं सोडवली नाही. त्यानं जंगम शोधून आणला. लिंगायतांचे विधी करणारे ते वयस्कर स्वामी दारातच बसले. पिशवी त्यांनी संगमेश्वरकडूनच सोडवून घेतली. मातीत देह गेला नाही, पण लिंग मातीत देता येतं, असं ते म्हणाले. घरच्या शेताच्या कडेला, आजोबांच्या समाधीशेजारी संगमेश्वरनं ते स्वतःच्या हातानं मातीत ठेवलं. त्यानं मन एकदम हलकं झालं असं नाही. पण त्या रात्री तो चार तास झोपला, असं बायकोनं कळवलं.

नांदेडच्या वर्गातल्या भिंतीवर तोवर रुग्णवाहिका, ऑक्सिजन आणि डॉक्टरांचे नंबर होते. महामायांनी खाली नवा कागद चिकटवला. त्यावर जंगम स्वामी, भंते, मौलाना, गुरुजी, सगळ्यांचे नंबर लिहिले. फोनवर धीर देतील, अंत्यविधी राहून गेलेल्यांशी बोलतील, अशी माणसं शोधायला विनोदला आठ दिवस लागले. कुणीही नाही म्हणालं नाही.

जुलैमध्ये एस.टी. चालू झाल्यावर महामाया डॉक्टरांच्या बैठकीसाठी लातूरला गेल्या आणि पत्ता विचारत बिराजदारांच्या घरी पोचल्या. संगमेश्वर त्यांच्या अंदाजापेक्षा खूपच तरुण निघाला. केस कापलेले, गाल बसलेले. त्यानं खुर्ची पुसून पुढं केली. फोनवर एवढं बोललेल्या माणसाशी समोरासमोर काय बोलायचं, ते दोघांनाही सुचेना.

“गोळ्या चालू हायत,” तो शेवटी म्हणाला. “काही दिवस बरे जातात. काही न्हाई जात.”

“बरे न गेलेल्या दिवशी काय करता?”

“दुकानात बसतो. रामकिशन येतो मधून. डोकं खातो.” तो किंचित हसला. मग गंभीर झाला. “बाई, त्या दिवशी तुम्ही मला माझी चूक न्हाई म्हनलं असतं ना, तर बॅटरी जायच्या आधीच मी फोन ठेवला असता.”

आतून त्याची बायको ज्वारीच्या भाकरी थापत असल्याचा आवाज येत होता. शिवांश नावाचं शेजारचं लहानगं उंबऱ्यावरून वाकून पाहुण्या बाईंकडे बघून पळालं. जेवून जायचंच, असं बायकोनं आतूनच बजावलं. महामायांची चारची बस होती. त्या म्हणाल्या, पाचची धरीन, आणि हात धुवायला उठल्या.