हार्बरफ्रंट ते क्रांजी, पायी

उल्हासच्या गोऱ्या बॉसनं इंग्लंडात लंडनपासून कुठल्याशा खेड्यापर्यंत पाच दिवस पायपीट केली आणि ऑफिसात फोटो दाखवले, तिथून हे खूळ सुरू झालं. बॉस टेनिस खेळायला लागला तेव्हा उल्हासनं रॅकेट आणली होती. बॉसनं साखर सोडली तेव्हा यानंही सोडली, निदान ऑफिसात तरी. आता बॉस चालला म्हटल्यावर हाही चालणारच.

बँकेतले दोन मित्र, प्रबोध आणि श्रीनिवास, लगेच गळाला लागले. सिंगापूरच्या दक्षिण टोकाला असलेल्या हार्बरफ्रंटच्या फेरी टर्मिनलपासून उत्तरेला क्रांजीच्या शेतांपर्यंत, तीन दिवस, पायी. ‘पायी’ हा शब्द बॅनरवर ठळक लाल अक्षरांत छापूनही घेतला. मात्र मार्गाच्या आधी मेनू ठरला होता. पहिल्या दिवशी पोहे, दुसऱ्या दिवशी थालीपीठ, तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. हे सगळं गाडीतून गरम गरम पोचवणार कोण, हे ठरवायची कोणाला गरजच वाटली नाही. बायको होती ना, सुलेखा.

सुलेखाला चालायचं होतं. कॉलेजात असताना ती पुण्याच्या आसपासचे डोंगर पालथे घालायची आणि मुलं मागे धापा टाकत यायची. सिंगापुरात आल्यापासून तिचं चालणं म्हणजे क्वीन्सटाउनचा फ्लॅट ते बाजार आणि बाजार ते फ्लॅट. इतक्या वर्षांत नवऱ्याकडे तिनं स्वतःसाठी काही मागितलं असेल तर हे एवढंच.

“शेवटच्या दिवशी तू चल ना,” उल्हास म्हणाला. “प्रॉमिस.”

पहिले दोन दिवस ती गाडीतून या वीरांच्या पुढं-मागं करत राहिली. एकानंही पाण्याची बाटलीसुद्धा पाठीवर घेतली नव्हती. “वहिनी, पुढच्या सिग्नलला पाणी आणता का?” असा प्रबोधचा फोन यायचा, जसं काही सिग्नलजवळ दुकानच नव्हतं. संध्याकाळ झाली की तिघं गाडीत बसून घरी. रात्री एसीत झोपायचं आणि सकाळी, आदल्या संध्याकाळी जिथून उचललं तिथंच, गाडीनं परत नेऊन सोडायचं. याला ते मुक्काम म्हणत होते!

“पपा, एव्हरी नाइट स्लीप ॲट होम, व्हेअर गॉट ट्रेक लाह?” चौदा वर्षांच्या इशितानं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. लेकीला कुशीत घ्यावं असं सुलेखाला वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी उल्हास सोफ्यावर बसून मिठाच्या गरम पाण्यात पाय शेकत होता. “उद्या खिचडी गरमच हवी हं. गार साबुदाणा घशाखाली उतरत नाही. तू काय, पुढच्या वेळी चाल.”

पुढची वेळ! सुलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं साबुदाणा भिजवला आणि कपाटाच्या तळातून आपले जुने बूट काढून दारात ठेवले.

सकाळी बुकित पांजांगच्या बसस्टॉपपाशी तिघं कण्हत गाडीतून उतरले. सुलेखाही उतरली. पाठीवर पिशवी, पायात बूट.

“आज मी चालणार आहे. खिचडी मागे डिकीत आहे. गाडी तुमच्यातल्या कोणीतरी आणा.” तिनं किल्ली पुढं धरली.

आता भांडण होणार, असं तिला वाटलं होतं. कसलं भांडण! किल्लीकडे तीन हात एकदमच आले. प्रबोधचा गुडघा कालपासून कुरकुरत होता, श्रीनिवासच्या टाचेला फोड आला होता, आणि उल्हास म्हणाला, “लीडरनं पुढं जाऊन व्यवस्था बघायला हवी.” तिघांना घेऊन गाडी निघूनसुद्धा गेली.

सुलेखा चालली. उंच इमारती मागे पडल्या, रस्ता अरुंद झाला, जलाशयावरचा वारा अंगावर आला. पुढं पालेभाज्यांचे वाफे आणि कोंबडीखताचा घमघमाट. बूट लाल चिखलानं माखले, डावा घोटा ठणकायला लागला, आणि ती इतकी खूश होती की वाफ्यातल्या म्हातारबाबांना तिनं उगाचच हात केला.

शेताच्या फाटकापाशी तिघं सावलीत बसले होते. खिचडीचा डबा रिकामा होता. चमचासुद्धा चाटून ठेवलेला.

“आलीस? बरं झालं!” उल्हास उठला. “फोटो काढायला कोणी नव्हतं. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात द्यायचाय.”

पाणी हवं का, एवढंही कोणी विचारलं नाही. तिघं ओळीत उभे राहिले, छाती काढून, बॅनर धरून. बूट धुतल्यासारखे स्वच्छ. सुलेखानं कॅमेरा घेतला, दोन पावलं डावीकडे सरकली आणि फोटो काढला. उल्हासनं येऊन स्क्रीनवर पाहिलं. लाल अक्षरांतल्या ‘पायी’च्या बरोबर मागं त्यांची गाडी उभी होती, डिकी उघडी, आत डबा.

“अगं, गाडी आली की यात! दुसरा काढ.”

“काढते. आधी गाडी बाजूला घेते. किल्ली दे.”

त्यानं किल्ली दिली आणि पळत जाऊन बॅनरचं टोक पकडलं. कॅमेरा तिच्या गळ्यातच होता. सुलेखानं डिकी लावली, गाडी सुरू केली, बाजूला घेतली, आणि मग घेतच राहिली. वळणापाशी तिनं आरशात पाहिलं. तिघं अजून बॅनर धरून हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते. त्या रस्त्याला बस येत नाही.