हाकेवरचं पाणी

मी शिट्टी बोलतेय. दचकू नका, आपणहून वाजायची सोय माझ्यात नाही. असती, तर हे रडगाणं घेऊन तुमच्यापुढे आलेच नसते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. बोटाच्या पेराएवढी नारिंगी शिट्टी मी. पळणाऱ्यांच्या पाठीवरच्या बॅगेला छातीवर जो पट्टा असतो, त्यात मला ओवून टाकलं. शुभांगीने ती बॅग घेतली ती पाण्याच्या पिशवीसाठी. मी आहे हे तिला चार दिवसांनी कळलं. "अगंबाई, शिट्टीपण आहे!" म्हणाली आणि विसरून गेली.

शुभांगी मखमलाबादची. घरची गुलाबाची शेती, स्वतः शाळेत शिकवते. शेजारच्या मळ्यातली उज्वला तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी वजन उतरवायला म्हणून पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लागल्या. वजन राहिलं बाजूला, पळण्याचं वेड तेवढं लागलं. माणसांचं मला नवल वाटतं. कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढतील, आणि रविवारी डोंगरात पन्नास किलोमीटर पळून येतील.

आता दोघींना डिसेंबरातली शंभर मैलांची शर्यत पळायची होती. तिथे कुणालाही घेत नाहीत. आधी पासष्ट किलोमीटरची डोंगरी शर्यत चौदा तासांत पूर्ण केलेली लागते. त्यासाठी मार्चमध्ये त्या हरसूलच्या डोंगरांत आल्या.

सुरुवातीला सामान तपासलं. प्रत्येकाकडे शिट्टी हवी असा नियम होता. उज्वलाकडे नव्हती. ओझं नको म्हणून तिने बॅग घरी ठेवून नुसता कमरेचा पट्टा बांधला होता. तपासणारा म्हणाला, "दोघी सोबतच पळणार ना? मग एक चालेल. जाऊ द्या." त्या 'जाऊ द्या'चा मला आजही संताप येतो. मग माइकवरून बजावलं: शिट्टी वाजवली म्हणजे मदत मागितली, आणि मदत मागितली म्हणजे शर्यत सोडली.

चाळिसाव्या किलोमीटरला उज्वला दोनदा ओकली. ऊन मी म्हणत होतं, दोघींचं पाणी संपलं होतं आणि उज्वलाला घाम यायचा थांबला होता. याचा अर्थ शुभांगीला कळायला हवा होता. कळलाही असेल. तिचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होतं.

वाटेत मोहाच्या झाडाखाली एक म्हातारे गुराखी बसले होते, गेणूबाबा.

"बाबा, इथं पाणी कुठं मिळेल?" शुभांगीने विचारलं.

"पाणी? ते काय, हाकंवर हाय," दरीपलीकडच्या पाड्याकडे बोट करून ते म्हणाले, आणि पांगलेली गुरं वळवायला निघून गेले.

पाडा समोरच दिसत होता, घरांची कौलंसुद्धा दिसत होती. हाकेवर, म्हणजे दहा मिनिटं, असा हिशेब शुभांगीने केला.

उज्वला झाडाला टेकून बसली. "शुभे, शिट्टी वाजव ना गं. मला काहीतरी होतंय."

शुभांगीने मला ओठांपर्यंत नेलं. तिच्या श्वासाची ऊब मला लागली. मग तिने मला सोडून दिलं.

"वाजवली तर दोघींचं वर्ष वाया जाईल, उजू. दहा मिनिटं बस. पाणी घेऊन आलेच."

दरी उतरून पलीकडे चढायलाच तिला तास लागला. हाक सरळ जाते, पायांना वाट तुडवावी लागते. पाड्याच्या कडेच्या विहिरीवर तिने पिशवी भरली आणि कुणाशी एक शब्द न बोलता परत फिरली. बोलली असती तर ती मदत ठरली असती ना! परत यायला आणखी एक तास गेला.

उज्वला झाडाखाली कुशीवर पडली होती. हाक मारली तरी डोळे उघडेनात. तेव्हा शुभांगीने मला फुंकलं, छाती फुटेस्तोवर फुंकलं. वरातीमागून घोडं! पाड्यावरून लगेच "होऽऽ" असं उत्तर आलं. माणसं जवळच्या पायवाटेने पाण्याची कळशी आणि डोलीसाठी घोंगडी, बांबू घेऊन अर्ध्या तासात वर पोचली. आवाज ऐकून गेणूबाबाही धावत आले.

"बाय, म्या सांगितलं व्हतं ना, पाणी हाकंवर हाय? आमच्याकडं हाक मारली का पाड्यावरचं कुणीबी पाणी घिऊन येतं. तू हाक का नाय मारली?"



उज्वला तिसऱ्या दिवशी नाशिकच्या दवाखान्यात वारली. उष्माघात. दोन तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते दोन तास मी शुभांगीच्या छातीवर नुसती हिंदकळत होते. मला त्यासाठीच घडवलं होतं आणि मी काहीही केलं नाही. माझा जन्म फुकट गेला.

तेराव्यानंतर उज्वलाची आई, लताबाई, शुभांगीकडे आल्या. "शेवटी काय बोलली गं माझी उजू?"

 शुभांगी म्हणाली, "'तू पुढे जा, शर्यत सोडू नकोस,' म्हणाली, मावशी."

लताबाई रडल्या, आणि रडता रडता त्यांचा चेहरा उजळला. "अशीच होती माझी पोर. मग तू पळ बाई. तिचं मन मोडू नकोस."

आता शुभांगीने दुसऱ्या एका डोंगरी शर्यतीत नाव घातलंय. पळताना तिला गोडी नाही, पळून आल्यावर झोप नाही. थांबायची मात्र तिला सोय राहिली नाही, कारण दर शनिवारी लताबाई नाचणीचे लाडू घेऊन येतात आणि स्वतःच्या हाताने बॅगेत ठेवतात. त्यांची बोटं कधीकधी मला लागतात.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी मखमलाबादच्या लताबाईंना ओळखत असेल, तर एवढा निरोप द्या. तुमच्या लेकीने मदत मागितली होती, म्हणावं. माझ्याच्याने ते होत नाही.